कलमी झाड की स्वतःच्या मुळावरचं? कडक हिवाळ्याच्या गावी पहिलं फळझाड लावताना

मिनियापोलिसच्या उपनगरात घर घेतल्यावर मी पहिलं झाड लावलं ते प्लमचं. दोन वर्षं छान वाढलं. तिसऱ्या हिवाळ्यानंतर मे संपत आला तरी त्याला एक पान फुटलं नाही. मग एका सकाळी बुंध्याशी जमिनीतून चार जोमदार फुटवे वर आलेले दिसले. झाड वाचलं, या आनंदात मी त्यातला सगळ्यात सरळ फुटवा ठेवला, बाकीचे काढले, त्याला कंपोस्ट घातलं, सशांपासून जपलं. चौथ्या वर्षी फळं धरली. सुपारीहून थोडी मोठी, लाल, आणि साल इतकी तुरट की तोंड आवळून येई. फांद्यांना काटे होते. ते मला आधीच दिसत होते, पण त्यांचा अर्थ कळला नव्हता. मी आणलेली गोड जात त्या तिसऱ्या हिवाळ्यातच मेली होती. पुढे मी जो वाढवत होते तो तिचा खुंट होता, म्हणजे जिच्या मुळांवर ती जात कलम करून बांधलेली होती ते खालचं झाड: इथला रानटी प्लम.

रोप विकणाऱ्याने "हे झाड इथली थंडी सोसतं" एवढंच सांगितलं होतं, आणि मी चव आणि किंमत यापलीकडे काही विचारलं नव्हतं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारिओ, अल्बर्टा अशा कडक हिवाळ्याच्या मुलखात नव्याने आलेल्या आणि अंगणात पहिलं फळझाड लावू पाहणाऱ्या आपल्या घरांसाठी हे लिहिते आहे. तुमची चार वर्षं अशी जाऊ नयेत.

आधी समजून घ्या: एका झाडातले दोन जीव

कलम म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. देवगडचा हापूस रायवळ आंब्याच्या खुंटावर बांधलेला असतो. उलट सांगोल्याकडचं डाळिंब गुटी कलमाचं असतं, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून ती वेगळी केलेली. पुरंदरचं अंजीरही फांदीपासूनच वाढवतात. हापूसच्या झाडात दोन जीव असतात. डाळिंब, अंजीर मात्र शेंड्यापासून मुळापर्यंत एकच. अशा झाडाला पुढे मी 'स्वमुळाचं झाड' म्हणणार आहे.

इकडच्या नर्सरीत मिळणारी सफरचंद, नासपती, प्लम आणि गोड चेरीची झाडं जवळजवळ नेहमी कलमी असतात. काटक द्राक्षं, अंजीर, रास्पबेरी, करंट नावाची बेरी आणि झुडपासारखी वाढणारी आंबट चेरी ही बहुधा स्वमुळाची. बागकाम करणाऱ्यांच्या गप्पांत "स्वमुळाचं झाड जास्त काटक असतं" असं पुष्कळदा ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. थंडीचा प्रश्न एक नसून तीन आहेत: वरचा भाग किती थंडी सोसतो, मूळ किती सोसतं, आणि वरचा भाग मेला तर खालून काय उगवतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ पूर्णपणे जातीवर अवलंबून असतं. झाडाची थंडीची तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते. दिवस लहान झाले की शेंड्याची वाढ थांबते, मग पहिल्या हलक्या गारठ्यांनी झाड आणखी कणखर होत जातं. सालीतल्या पेशी आपल्यातलं पाणी पेशींच्या मधल्या जागेत सोडून देतात. बर्फ होतो तो तिथे, पेशीच्या आत होत नाही. लाकडातल्या काही पेशींची रीत वेगळी आहे. त्यांच्यातलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतं. पण त्यालाही तळ आहे. उणे ३८-४० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी कोणत्याही निमित्ताशिवाय गोठतं आणि त्या पेशी मरतात. सफरचंदाच्या काटक जातींची हद्द साधारण तिथेच येऊन थांबते. हनीक्रिस्प हे सफरचंद तुम्ही कोणत्याही खुंटावर बांधा किंवा स्वमुळावर वाढवा, त्याची फांदी हनीक्रिस्पचीच राहते आणि हनीक्रिस्पइतकीच थंडी सोसते.

मुळांना मात्र ही तयारी पुरती कधीच जमत नाही. बुटक्या सफरचंदासाठी जगभर वापरला जाणारा 'एम ९' हा इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा खुंट घ्या. त्याच्या मुळांभोवतीची माती उणे ८ ते १० पर्यंत उतरली की ती मरू लागतात. रशियन काटक खुंटांची मुळं आणखी काही अंश सोसतात, पण फांद्यांच्या जवळपासही जात नाहीत. ज्या झाडाची फांदी उणे ३५ मध्ये शाबूत राहते, त्याच झाडाचं मूळ उणे १२ ला मरू शकतं. तरी झाडं जगतात, कारण माती हवेइतकी थंड होत नाही, आणि वर फूटभर बर्फ साचला असेल तर मुळांपाशी पारा शून्याच्या थोडाच खाली राहतो. ज्या बर्फाला आपण शिव्या देत फावड्याने उपसतो, तीच झाडाची गोधडी असते.

खुंटाचा वरच्या भागावर परिणाम होतच नाही असं नाही, पण तो मुख्यतः वेळेचा असतो. 'एमएम १०६' खुंटावरचं झाड शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अचानक पारा कोसळला की ते बेसावध सापडतं. जानेवारीत जे उणे ३० ला हललं नसतं, त्याची साल नोव्हेंबरमध्ये उणे १५ ला बुंध्याशी फाटते. झाडं भर हिवाळ्यात मरतात अशी आपली समजूत असते, प्रत्यक्षात पुष्कळ झाडं हिवाळ्याच्या दोन टोकांना मरतात.

तिसरा प्रश्न उरतो, आणि स्वमुळाच्या झाडाचा खरा फायदा तिथे आहे. वरचं सगळं मेलं तरी खालून तीच जात परत येते. कलमी झाडाखालून येतो तो खुंट. यापुढची प्रत्येक पायरी या फरकावर उभी आहे.

पायरी पहिली: आपली थंडी मोजा

अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा नकाशा पिनकोड टाकून बघता येतो. झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९, झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३. २०२३ च्या नव्या नकाशात ट्विन सिटीजचा, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलचा, बराच भाग ४ब मधून ५अ मध्ये गेला (प्रत्येक झोनचे दोन भाग असतात, 'अ' जास्त थंड, 'ब' कमी). लगेच हुरळून जाऊ नका. हा आकडा ३० वर्षांतल्या दरवर्षीच्या नीचांकाची सरासरी आहे. सरासरीने झाड मरत नाही, एका रात्रीने मरतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसला पारा उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सियसला उतरला होता. म्हणून जातीची निवड तुमच्या झोनपेक्षा एक पायरी थंड झोन धरून करा. कॅनडाचा नकाशा वेगळ्या हिशेबाने केलेला आहे, त्यात पाऊस, बर्फ, वारा असंही बरंच धरतात. दोन्ही देशांचे झोन एकमेकांशी ताडून बघताना हे लक्षात असू द्या.

अंगणात जागा निवडताना सर्वांत सखल कोपरा टाळा. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत येऊन तिथे साचते. निफाडला पारा ४-५ वर आला की शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तीही याच साचलेल्या गारठ्याशी लढाई. इथे शेकोटीने काही होत नाही, जागाच नीट निवडावी लागते.

पायरी दुसरी: फळ बघून कलमी की स्वमुळाचं ते ठरवा

सफरचंद कलमीच घ्या. सफरचंदाच्या फांदीला मुळं फुटणं फार अवघड, आणि फुटली तरी झाड मोठं होतं आणि फळाला बरीच वर्षं लावतं. बी पेरलं तर जात राहत नाही. त्यामुळे इथे प्रश्न खुंट कोणता एवढाच. माझी पहिली पसंती 'बुडागोव्हस्की ९' आणि 'बुडागोव्हस्की ११८' या दोन खुंटांना. दोन्ही रशियातल्या मिचुरिन्स्क गावचे, तिथल्या हिवाळ्यात तावून निघालेले. नर्सरीत 'बड ९', 'बड ११८' असं म्हणतात. ९ वर झाड बुटकं राहतं आणि त्याला जन्मभर खांबाचा आधार लागतो. ११८ वर ते जवळजवळ पूर्ण वाढतं आणि आपल्या पायावर उभं राहतं. जागा भरपूर असेल आणि तुम्ही झोन ३ मध्ये असाल तर अंतोनोव्हका या रशियन सफरचंदाच्या बियांपासून केलेला खुंट मागा. मोठं, सावकाश फळणारं, पण अतिशय चिवट झाड मिळतं. 'एम ९' आणि 'एमएम १०६' वरची झाडं झोन ४ मध्ये मी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

जातींत हॅरल्सन (१९२२), हनीक्रिस्प (१९९१) आणि झेस्टार या मिनेसोटा विद्यापीठाने काढलेल्या जाती नवख्या माणसाने डोळे झाकून लावाव्यात. एकेकाळी इथे सफरचंद होतच नाही असं लोक धरून चालले होते. मिनेटोंका तळ्याकाठी राहणाऱ्या पीटर गिडियन यांची झाडामागून झाडं हिवाळ्याने मारली. शेवटी उरलेल्या थोड्या पैशांतून त्यांनी मेन राज्यातून बी मागवलं, आणि त्यातून १८६८ मध्ये 'वेल्दी' ही जात दिली. वेल्दी हे त्यांच्या पत्नीचं नाव. हनीक्रिस्पचीही गोष्ट अशीच थोडक्यात वाचल्याची आहे. ते झाड हिवाळ्याने दुखावलेलं म्हणून काढून टाकायच्या यादीत होतं, विद्यापीठातले सफरचंदाचे संशोधक डेव्हिड बेडफर्ड यांनी त्याला आणखी एक संधी दिली. दर हिवाळ्यानंतर कुऱ्हाड उचलण्याआधी मला ही गोष्ट आठवते.

सफरचंदाला परागीभवनासाठी जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं, हे विसरू नका. शेजाऱ्याच्या अंगणातलं चालतं, शोभेचं, इटुकल्या फळांचं क्रॅबअ‍ॅपलही चालतं.

नासपतीही कलमीच, पण क्विन्स या नासपतीच्या भाऊबंद झाडाच्या खुंटावर बांधलेली झोन ४ मध्ये घेऊ नका. उसुरियन नासपतीचा खुंट सर्वांत काटक. प्लमसाठी रानटी अमेरिकन प्लमचा खुंट उत्तम, त्याची मुळं इथल्याच मातीची आहेत. फक्त तो चहूबाजूंनी फुटवे काढतो आणि वरची जात दुबळी पडली की जागा बळकावतो. माझ्या अंगणात तेच झालं.

आंबट चेरीला मात्र स्वमुळाचीच घ्या. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाने मंगोलियन रानचेरी आणि आंबट चेरी यांच्या संकरातून माणूसभर उंचीची झुडपं काढली. १९९९ ची 'कार्माइन ज्युवेल' आणि तिच्यामागून आलेल्या रोमिओ, ज्युलिएट, व्हॅलेंटाइन या जाती. ती प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवतात, त्यामुळे वर-खाली एकच जीव. एखाद्या हिवाळ्यात बर्फाच्या वरचं सगळं वाळलं तरी खालून येणारा प्रत्येक फुटवा खरा, त्याच चेरीचा असतो. एवढंच नाही, लांब आलेला फुटवा मुळासकट काढून मैत्रिणीला द्यावा, तिच्याकडे तेच झाड होतं. अंगणात एकाच फळझुडपाला जागा असेल तर मी हेच सुचवेन. आपल्याकडच्या करवंद-आवळ्याच्या जिभेला ही चेरी आवडते, आणि तिचा साखरेत मुरवलेला मुरांबा पोळीबरोबर फार छान लागतो.

द्राक्षांचंही असंच. महाराष्ट्रात आज द्राक्ष डॉगरिजसारख्या खुंटावर बांधतात ते मुख्यतः क्षार आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून. युरोपात १९ व्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने बागा संपवल्या आणि तिथे अमेरिकन खुंट आला. इकडच्या काटक जातींत मुळात अमेरिकन रानद्राक्षाचं रक्त आहे, म्हणून फ्रॉन्टेनॅक (१९९६), मार्केट (२००६) किंवा खाण्याची व्हॅलियंट स्वमुळावरच लावतात. वेल बर्फापर्यंत मेला तरी खालून आलेली काडी त्याच द्राक्षाची, आणि ती दोन वर्षांत मांडवावर पोचते.

पीचबद्दल थोडक्यात: उणे २५ च्या आसपास त्याच्या फुलकळ्या मरतात, मग मूळ कोणतंही असो. झोन ४ मध्ये त्याच्या नादी लागू नका.

अंजीर हा हळवा विषय. आमचं घर सासवडजवळचं, त्यामुळे मला तो सोडवत नाही. जमिनीत लावाल तर इथे मूळसुद्धा मरतं. मोठ्या कुंडीत लावा. पानं गळली की गरम न केलेल्या पण घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये न्या, महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी द्या, मेच्या मध्याला बाहेर काढा.

पायरी तिसरी: लेबल वाचा आणि दोन प्रश्न विचारा

नर्सरीतल्या लेबलवर जातीचं नाव आणि झोन मोठ्या अक्षरात असतो. खुंटाच्या जागी बहुधा 'सेमी-ड्वार्फ' एवढाच शब्द. तो उंची सांगतो, काटकपणा नाही. 'एम ७', 'एमएम १०६', 'बड ११८' अशा वेगवेगळ्या खुंटांवरची झाडं एकाच शब्दाखाली विकली जाऊ शकतात. म्हणून विचारा: खुंटाचं नाव काय? आणि झाड कलमी की स्वमुळाचं? ज्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून झाड घेऊ नका. थंड प्रदेशातच रोपं वाढवणाऱ्या, खुंटाचं नाव यादीत लिहिणाऱ्या नर्सरीतून मार्च-एप्रिलमध्ये उघड्या मुळांची रोपं मागवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. स्वस्तही पडतं.

कलमाचा सांधा ओळखायला शिका. मुळांच्या वर वीतभर अंतरावर खोडाला एक गाठ किंवा बारीकसं कोपरासारखं वाकण असतं, आणि तिथे सालीचा रंग किंचित बदलतो. बोट फिरवलं की कळतं. असं काहीच सापडलं नाही तर ते बहुधा स्वमुळाचं.

पायरी चौथी: सांधा किती उंचीवर ठेवायचा

सगळ्यात जास्त झाडं या पायरीवर बिघडतात. बुटक्या खुंटावरच्या सफरचंदाचा सांधा मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, आणि बुटकं राहील म्हणून खिडकीशी लावलेलं झाड छपरापर्यंत जातं. म्हणून सांधा मातीच्या वर. पण किती? दक्षिणेकडची पुस्तकं वीतभर वर ठेवा म्हणतात. माझं मत वेगळं आहे. सांधा मातीपासून चार बोटं, फार तर १० सेंटिमीटर वर असावा: मातीत जाणार नाही इतका उंच, बर्फाखाली राहील इतका खाली. मग एखाद्या भयंकर रात्री बर्फाच्या वरचं सगळं गेलं तरी सांध्याच्या वरचे दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या कळ्या, बर्फाखाली जिवंत असतात, आणि खालून खुंटाऐवजी तुमची जात फुटते. माती नंतर दबते, त्याचा अंदाज धरून लावताना रोप दोन बोटं उंच ठेवा.

काही जण याच्या बरोबर उलट, मुद्दाम करतात. कलमी प्लम किंवा चेरीचा सांधा ५ ते ८ सेंटिमीटर मातीखाली घेतात, म्हणजे काही वर्षांत वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटून झाड हळूहळू स्वमुळाचं होतं. गुलाबाच्या कलमांसाठी थंड प्रदेशात हा सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. फळझाडात निचऱ्याच्या, भुसभुशीत जमिनीत तो करून बघण्यासारखा आहे. चिकणमातीत करू नका, बुंधा कुजतो. आणि सफरचंदात बुटकेपणा हवा असेल तर मुळीच नाही. कलमी द्राक्ष लावलंच असेल तर ऑक्टोबरअखेर सांध्यावर फूटभर मातीचा ढीग चढवा आणि वसंतात तो आठवणीने उतरवा.

स्वमुळाच्या झाडाला यातलं काहीच सांभाळावं लागत नाही. नर्सरीत होतं त्याहून दोन बोटं खोल लावलं तरी चालतं, उलट जमिनीखालचे डोळे वाढतात.

पायरी पाचवी: उन्हाळ्यातच हिवाळ्याची तयारी

नत्राचं खत वसंतातच द्या, जुलैनंतर अजिबात नाही. उशिरा दिलेल्या खताने कोवळी वाढ येते आणि ती पिकण्याआधी गारठा येतो. पहिली दोन वर्षं आलेली फळं लहान असतानाच खुडून टाका. मन होत नाही, तरी टाका. फळ पोसण्यात झाडाची जी साठवण जाते ती त्याला हिवाळ्यासाठी हवी असते. ऑगस्टअखेर पाणी थोडं आखडतं घ्या, पण पानगळ झाल्यावर जमीन गोठेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या. कोरडी माती ओल्या मातीपेक्षा लवकर आणि जास्त थंड होते. शरद ऋतूत छाटणी करू नका. कात्री फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये हातात घ्यायची.

पायरी सहावी: बर्फ पडण्याआधी

मुळांना सर्वांत मोठा धोका उघड्या थंडीचा, म्हणजे बर्फ न पडता पारा उणे २० ला गेला तर. अशा डिसेंबरसाठी बुंध्याभोवती तीन फुटांच्या गोलात १० ते १५ सेंटिमीटर जाड लाकडी चिपा किंवा पेंढा पसरा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर व्होल, म्हणजे आखूड शेपटीचे रानउंदीर, तिथे घर करतात. व्होल बर्फाखालून बोगदे काढत येतात आणि खोडाची साल गोल कुरतडतात. अशा वेळी कलमी आणि स्वमुळाच्या झाडांचं नशीब पुन्हा वेगळं होतं: कलमी झाडाची साल सांध्याच्या वर गोल कुरतडली गेली तर खालून खुंटच येणार. पाव इंची तारेची जाळी खोडाभोवती सैल गुंडाळा, तिचा तळ तीन बोटं मातीत दाबा. उंची मात्र बर्फाच्या पातळीच्या दोन फूट वर, कारण ससे साचलेल्या बर्फावर उभं राहून खातात.

खोडाला नोव्हेंबरमध्ये पांढरं वेष्टन घाला आणि एप्रिलमध्ये काढा. फेब्रुवारी-मार्चच्या लख्ख उन्हात खोडाची नैऋत्येकडची साल तापून जागी होते, सूर्य कलला की पारा झपाट्याने उतरतो आणि ती बाजू मरते. एक-दोन वर्षांनी तिथे लांब उभी भेग दिसते.

बर्फ पडू लागला की वाटेवरचा स्वच्छ बर्फ झाडाच्या बुंध्याशी टाका. रस्त्यावरचा, मीठ टाकलेला बर्फ टाकू नका. आणि मुलांना सांगा, झाडाभोवती फिरून बर्फ तुडवू नका. दाबलेल्या बर्फाची ऊब जाते.

पायरी सातवी: वसंतात घाई करू नका

एप्रिलअखेर पेन्सिलीएवढ्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडा असेल तर थोडं खाली येऊन पुन्हा बघा. असं करत सांध्यापर्यंत या. कधी साल हिरवी असते पण फांदी कापली की आतलं लाकूड काळपट तपकिरी दिसतं. ते थंडीने मेलेलं लाकूड. अशी फांदी पानं काढते, काही वर्षं फळतेही, पण तिच्यावर मोठा भार ठेवू नये. जूनच्या मध्यापर्यंत कोणतंही झाड मेलं असं ठरवू नका. मी एक नासपती मेमध्ये उपटायला निघाले होते, त्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे फुटले.

खालून फुटवे आले तर ते सांध्याच्या वरून आलेत की खालून, हे माती बाजूला करून बोटाने तपासा. बड ९ आणि बड ११८ च्या फुटव्यांची पानं तांबूस असतात, वरच्या सफरचंदाची हिरवी, त्यामुळे लांबूनही कळतं. रानटी प्लमचा फुटवा काट्यांवरून ओळखता येतो. सांध्याच्या वरून आलेला फुटवा ठेवा, त्यातून नवं खोड वाढवा. झाड स्वमुळाचं असेल तर तपासायची गरज नाही: चेरीचे सर्वांत जोमदार पाच-सहा फुटवे ठेवा, द्राक्षाच्या एक-दोन काड्या, बाकी काढा.

वरची जात पूर्ण मेली आणि फक्त खुंटाचे फुटवे आले, तर झाड फेकू नका. इथल्या मातीत रुजलेला, हिवाळा पचवलेला खुंट हातात आहे, त्यावर पुन्हा कलम बांधता येतं. माझ्या काटेरी प्लमचं मी तेच केलं. सासवडला काकांना व्हिडिओवर तो फुटवा दाखवला. ते म्हणाले, "अगं, एवढा झकास खुंट आहे आणि रडतेस काय? पाचर कलम बांध."

मार्चमध्ये, झाडं झोपेत असताना, ओळखीच्यांच्या 'टोका' प्लमच्या गेल्या वर्षीच्या वाढीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घेतल्या. पेटंट असलेल्या जातीच्या काड्या घेऊ नका. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवल्या, पण फळांपासून दूर, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने डोळे मरतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, खुंटाचे डोळे फुगू लागल्यावर, तो गुडघ्याच्या खाली आडवा कापला, मधोमध चीर दिली. काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर केली आणि एका बाजूची साल सालीला नेमकी भिडेल अशी बसवली. दोन्हींचा हिरवा थर जुळला नाही तर कलम लागत नाही, बाकी सगळं दुय्यम. वरून कलमाची पट्टी घट्ट गुंडाळली, उघडे काप मेणाने बंद केले. तीन आठवड्यांनी वरचा डोळा फुटला. जुलैत पट्टी सोडली, आणि खुंटाचा प्रत्येक नवा फुटवा दर पंधरवड्याला हाताने मोडत राहिले. अजूनही मोडते, कारण रानटी प्लम हार मानत नाही.